नुसतं सारजा

आमच्या सासूबाईंचं कधी काही हरवत नाही. हरवतं ते आमचं. मग त्या दोन मिनिटांत ते शोधून काढतात आणि वर ऐकवतात, "डोळं हायेत का भोकं?" बांगडीत सेफ्टी पिनांचा घोस, पिशवीला गाठ, गाठीवर पुन्हा गाठ. अशा बाईचाच पेला शिर्डीच्या वाटेवर हरवला म्हटल्यावर मला आधी हसूच आलं.

दर हिवाळ्यात आमच्या केंदूरहून साईबाबांची पालखी पायी निघते. यंदा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई सारजाबाई, हट्टानं निघाल्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायला घरच्यांनी मला, राजनंदिनीला, सोबत पाठवलं. कुणी कुणावर लक्ष ठेवायचं ते रांजणगावपर्यंतच कळलं. त्या पुढे आणि मी धापा टाकत मागे.

कारेगावजवळ कंपनीतल्या कामगारांनी पालखीला चहा ठेवला होता. "माताजी, लीजिए," म्हणत एकानं कागदी कप पुढे केला. आत्यांनी तो नको म्हटलं आणि आपला स्टीलचा पेला धरला. चहा झाल्यावर पेला विसळून नळाच्या कट्ट्यावर पालथा घातला. तेवढ्यात टेम्पोवरच्या माइकवरून सोपानरावांनी, आमच्या पालखीच्या म्होरक्यांनी, पुकारा केला, "चला, चला, उन्हं चढायच्या आत!" आत्या निघाल्या आणि पेला तिथंच राहिला.

शिरूरला मुक्कामाच्या मंगल कार्यालयात त्यांनी पिशवी सोडली तेव्हा हे कळलं. दोनदा पिशवी उलटी केली. मग गुपचूप चपला पायात घातल्या.

"कुठं निघालात?"

"माघारी. कारेगावला."

"अहो आत्या, पेलाच आहे. शिरूरच्या बाजारात दुसरा घेऊ."

"तू गप बस," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. मी चपापले. मामा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हासुद्धा ही बाई आल्यागेल्याचं बघत होती. तिला रडताना मी पाहिलंच नव्हतं.

कसंबसं खाली बसवलं तेव्हा बोलल्या. मामा शिरूरला भांड्यांच्या दुकानात नावं घालायचे. मशीन टर्र करायचं आणि ताटावर नाव उमटायचं. अर्ध्या तालुक्याच्या रुखवतावर त्यांचं अक्षर आहे. जगाची नावं घालणाऱ्या या माणसानं घरात मात्र बायकोचं नाव कधी घेतलं नाही. "अगं ए", नाहीतर "सत्याची आई". सत्यजीत, म्हणजे माझा नवरा, जन्मायच्या आधी तर नुसते खाकरायचे. एकदा काही न बोलता एक पेला पुढ्यात ठेवून आंघोळीला निघून गेले. पेल्यावर लिहिलेलं, सारजा. सौ. नाही, बाई नाही, आडनावसुद्धा नाही.

"त्येंनी मला तेवढीच हाक मारली बघ," आत्या म्हणाल्या.

मी उठले आणि सोपानरावांना सांगितलं. त्यांनी मोटारसायकलवर माणूस पिटाळला. कट्टा रिकामा होता. पालखीतल्या कुणी उचलून ठेवला असेल म्हणून सोपानरावांनी माइक हातात घेतला.

"ऐका हो! सारजाबाई नाव घातलेला पेला..."

"बाई न्हाई!" आत्या बसल्या जागेवरून ओरडल्या. "नुसतं सारजा!"

सोपानराव अडखळले. वडीलधाऱ्या बाईचं नाव असं उघडंबोडकं घ्यायचं कसं? पण खुद्द आत्यांचा हुकूमच होता. घसा खाकरून ते म्हणाले, "सारजा! पेल्यावर लिहिलंय, सारजा! ज्याला सापडंल त्यानं आनून द्यावा. सारजा!" भिंतींवर आपटून नाव परत येत होतं. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. आत्यांनी पदरात तोंड लपवलं. मला वाटलं पुन्हा रडतायत. पदर बाजूला केला तर हसत होत्या, नव्या नवरीसारख्या लाजून.

पेला काही मिळाला नाही. सकाळी रंगुबाई, आमच्याच आळीतल्या, ओरडल्या, "ए सारजा, ऊठ की, का दुपार करतीस?" आत्या उठल्या. सुप्यापर्यंत सगळ्या बायकांच्या तोंडी तेच झालं. सारजा, पानी दे. सारजा, हळू चाल, आमाला काय मारतीस का? लग्नानंतर त्यांना एवढ्या वेळा नावानं कुणी बोलावलं नसेल. मीच एकदा विचारलं, येताना कारेगावला थांबायचं का. म्हणाल्या, "नगं. ज्यानं नेला त्यो पानी पिताना वाचंल की माझं नाव."

परतल्यावर सत्यजीतनं आईसाठी मुद्दाम नवा पेला आणला. चांगला जाडजूड, वर सुबक अक्षरात मामांच्या नावानं 'कै. जयसिंग यांच्या स्मरणार्थ'. आत्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं.

"स्मरणार्थ?" त्या म्हणाल्या. "त्येंची आठवन यायला मला भांडं लागतं व्हय रं?"

सत्यजीतचं तोंड एवढंसं झालं. आत्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पेला पिठाच्या डब्यात ठेवला. आता भाकरीला पीठ त्या पेल्यानंच काढतो आम्ही. माप अगदी बरोबर बसतं.