तेजरामचे दोन दाते

लांबून येणारा ट्रक नुसता ऐकून तेजराम सांगायचा, "क्रॉस गेला याचा." शहापूरच्या हायवेवर त्याची तेवढी ख्याती होती. आम्ही चहाटपरीवरचे म्हणायचो, "बायको हाका मारते ते नाही का ऐकू येत तुले?" बायको चंद्रभागाबाई. तिचा सख्खा भाऊ परसराम तेजरामच्याच गॅरेजात लेथवर होता. साळा-भाऊजींनी अकरा वर्षं फक्त शाफ्टचं काम केलं.

शाफ्ट म्हणजे ट्रकच्या पोटाखालची लांब नळी. इंजिनाचा जोर ती फिरत फिरत मागच्या चाकांना पोचवते. चाकं खड्ड्यात उसळतात, म्हणून दोन्ही टोकांना क्रॉस, वाकूनही फिरता यावं यासाठी. मधे दात्यांचा सरकता जोड. जोडताना दोन्ही टोकांची दुबेळकी, म्हणजे क्रॉस धरणारे दोन बोटांचे काटे, एका रेषेत आली पाहिजेत, नाहीतर एका क्रॉसचा झटका दुसरा क्रॉस मारत नाही आणि गाडी थरथरते. म्हणून खोलायच्या आधी छन्नीनं खूण करायची, हा नियम तेजरामचाच.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन पाचेक वर्षं झाली असतील. बाबूलाल राइसमिलवाल्याच्या ट्रकला परसरामनं नवी नळी बसवली, तेजरामनं शाफ्ट जोडला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर सत्यभामाबाईच्या चहाटपरीवर हजर. चाळीसच्या वर गाडी थरथरते म्हणाला.

तेजराम दहा जणांसमोर साळ्यावर घसरला. "नळी वाकडी बसवली यानं. लेथवर उभ्या उभ्या झोपते का बे?"

"भाऊजी, डायल लावून पाहिली मी. काटा हलला नाही."

"डायल तरी दिसते का तुले?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. संध्याकाळपर्यंत परसरामची नजर गेल्याची बातमी मी आणखी दोन टपऱ्यांवर पोचवली. लग्नात त्यानं नवरीऐवजी करवलीला हार घातला होता, हे माझ्या पदरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परसराम कोंढा गावाकडे निघून गेला. पुढं तिकडच्या धरणाच्या बॅकवॉटरमधल्या नावांना इंजिनं बसवू लागला.

त्याच दुपारी तेजराम ट्रकखाली शिरला. शाफ्टवर खूण नव्हती. घाईत तो स्वतःच करायला विसरला होता. दुबेळकी दोन दात्यांनी चुकलेली. त्यानं जोड ओढला, दोन दाते फिरवला, आवळला. ट्रक मुकाट धावू लागला. ड्रायव्हरला तो म्हणाला, "नळी सरळ केली."

हे त्यानं सहा वर्षं कोणालाच सांगितलं नाही. सहा भाऊबिजा चंद्रभागाबाईचं ताट तसंच राहिलं. शेवटी ती जेवेना, तेव्हा कोंढ्याला जायला तेजराम माझ्या स्कूटरवर मागं बसला आणि वाटेत सगळं बोलला.

परसराम कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. नावेत इंजिनाच्या टोकाला एक लोखंडी थाळी, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला दुसरी; दोन्ही तोंडाला तोंड लावून जोडायच्या. बोल्ट आवळायच्या आधी तो दोघींमधल्या फटीत पातळ पत्ती फिरवून पाहत होता.

"काठावर काहून नाही केलं हे?" तेजरामनं विचारलं.

"काठावर जुळलेलं पाण्यात सरकते. नाव पाण्यात वेगळी बसते, भाऊजी. इथं क्रॉस नाही सांभाळून घ्यायले."

"परसराम, नळी सरळ होती. दोन दाते माहे चुकले."

पत्ती फिरतच होती. "कधी समजलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

आता हात थांबला. "नुसती चूक असती तं हसून सोडली असती मी. सहा वर्षं, भाऊजी? या सहा वर्षांत एका ट्रकवाल्यानं मले काम नाही देल्लं. जिथं बोलले तिथंच जाऊन बोला. इथं मासोळ्याच ऐकून राहिल्या."

परतलो. सहा वर्षांत रस्ता चौपदरी होऊन टपरी मागं सरकली होती. त्या दहांतला मी सोडून एकही उरला नव्हता. तेजराम दुसऱ्या सकाळी टपरीवर उभा राहिला आणि नव्या पोरांसमोर सगळं बोलला.

"कोण परसराम?" एकानं विचारलं.

"तोच नाही का," सत्यभामाबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "ज्याची नजर गेली होती."

तेजरामनं माझ्याकडे पाहिलं. ती बातमी माझी होती, हे मी उठून सांगायला हवं होतं. मी चहा फुंकत राहिलो.

त्या दिवाळीला चंद्रभागाबाई एकटीच कोंढ्याला जाऊन आली. परसरामनं विचारलं म्हणे, "बोलले का भाऊजी?"

"बोलले."

"लोक काय म्हणाले मंग?"

तिनं ओवाळायचं ताट पुढं घेतलं आणि दिव्याची वात सारखी करत बसली.