बडोद्याला मुलगी पाहायला

आईचे गुडघे धरलेले, म्हणून दिनूबरोबर मुलगी पाहायला बडोद्याला मीच निघाले. दिनू माझा धाकटा भाऊ, पुण्यात इंग्रजीचा मास्तर आणि स्वतःवर भारी खूश.

बायकांनो, तुम्ही जाल तर मुंबईला गाडी बदलण्याआधी पोटात काहीतरी ढकला, पुढे धड चहासुद्धा मिळत नाही. बडोद्याच्या स्टेशनावर टांग्याचं भाडं आधी ठरवा. आम्ही ठरवलं नाही, आणि टांगेवाल्यानं सुरसागर तलावाला वळसा घालून गाव दाखवल्याचेही पैसे घेतले! पण रस्ते काय रुंद, काय स्वच्छ! पाटीदप्तर घेऊन शाळेला निघालेल्या मुली पाहून मला हेवाच वाटला.

मुलीचे वडील कचेरीत कारकून. "बेसा, बेसा, ताई! प्रवास मजेत झाला ना?" म्हणत त्यांनी स्वतः पाट मांडले. शिरा आला, गरम फाफडा आला, मग मालती आली. सावळी, तरतरीत.

"आमची मालू इंग्रजी शिकते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही विचारा," वडील म्हणाले.

झालं! दिनूतला मास्तर जागा झाला. तांब्या मोठा की पेला, टेबल उंच की पाट, सगळं इंग्रजीत विचारलं. मालती न अडखळता सांगत गेली. दिनूचे धडे पाठ करून घेता घेता मलाही थोडंफार इंग्रजी समजायला लागलं होतं, त्यामुळे मी कौतुकानं ऐकत होते.

तेवढ्यात तिची धाकटी बहीण पाणी घेऊन आली. चांगली गोरीपान. दिनूनं तिच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीतच विचारलं, "तुम्हा दोघींत गोरी कोण? आणि दिसायला चांगली कोण?"

माझा घास तोंडातच राहिला. मालतीनं पदर सारखा केला आणि इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, "माझी बहीण माझ्याहून गोरी आहे. माझ्याहून चांगली दिसते."

"वा! बघा कशी फडाफडा बोलते!" वडिलांनी मांडीवर थाप मारली. "केम, ताई, आहे ना हुशार?"

"फार हुशार," मी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालती माझ्याकडेच पाहत होती. मला इंग्रजी कळतं, हे तिनं ओळखलं होतं.

संध्याकाळी वडील चिवड्याची पुरचुंडी घेऊन स्टेशनावर आले. गाडी हलेपर्यंत "आवजो, आवजो" चाललं होतं. त्यांच्याकडे मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

घरी पोचल्यावर दिनू हळूच म्हणाला, "अक्का, त्या धाकटीबद्दल विचारून पाहू या का?"

माझं डोकंच फिरलं. "जा ना, तूच जा! आणि मालतीला जे इंग्रजीत विचारलंस, ते तिच्या बापाला मराठीत विचारून ये."

दिनू मान खाली घालून उठला. आई विचारत राहिली, "अगं, झालं काय?" तिला काय सांगू? त्याला बोलले, पण त्या बैठकीत मराठीत एक शब्द मलाही बोलता आला असता.