कोठारातली तूट

लढाईच्या दिवसांत धान्यावर सरकारचा ताबा आला आणि राजूरच्या आसपासच्या डोंगरी गावांचं लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, भात माझ्या वडिलांकडच्या सरकारी कोठारात येऊ लागलं. मान मोठा होता, पगार म्हणावा असा नव्हता. आबांना मानच पुरायचा. एका चैत्रात कोठारातली पोती पुन्हा तोलली, तर एकूण एक पोतं हलकं भरलं. गावात कुजबुज सुरू झाली, भात जातंय कुठं? लोक रेशनवर कसेबसे दिवस काढत होते, त्यांनी संशय घ्यावा यात नवल नव्हतं. पण संशय माझ्या बापावर होता, आणि तो मला सोसत नव्हता.

माझे यजमान नगरला सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीत होते. रस्ता, शाळा, विहीर, सरकारनं कुठंही खर्च केला की तो जागेवर पोचला का वाटेतच मुरला, हे बघायचं त्यांचं काम. कुणीतरी तक्रार केली आणि राजूरचं कोठार तपासायचा हुकूम नेमका त्यांच्याच कचेरीत आला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्याच सुमारास आबा मला न्यायला नगरजवळ भिंगारला आमच्या बिऱ्हाडी आले. जेवणं झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"जावईबापू, तुमीच या तपासायला. कर न्हाई त्याला डर कशाला? पन परका मानूस माज्या दारात नको."

हे खाली मान घालून सुपारी कातरत होते. म्हणाले, "आबा, मी साहेबांना आजच सांगून आलोय. कोठारवाले माझे सासरे आहेत, हे काम मला देऊ नका, म्हणून."

"म्हंजी तुमाला बी संशय हाय?"

"नाही ना. मला आधीच खात्री आहे. खात्री असलेल्या माणसानं तपासायला जाऊ नये."

वर आणखी सांगितलं, की तपासणी पुरी होईपर्यंत राजूरला येणारही नाही. जो येईल तो ह्यांच्याच कचेरीतला. सासुरवाडीत जावई पाटावर बसलेला बघून त्याचा हात आखडायला नको.

मी आतून ऐकत होते. राहवेना, तशी दारात आले. "अन् तोवर मूल झालं तर? बाप व्हायची परवानगीही साहेबांकडून आणायचीय का?"

ह्यांनी अडकित्ता खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी ते पाहणं कितीतरी दिवस विसरले नाही, पण त्या वेळी मला फक्त राग आला होता.

कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही राजूरला गेलो. चढ आला की मोटार दमायची आणि पुरुष उतरून ढकलायचे. आबाही उतरत होते, ढकलत होते. घरी आल्यावर कळलं, बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर टेकायला येणारी माणसं आता समोरच्या झाडाखाली बसतात. आबा ते बघायचे आणि आत येऊन उगीच दोर वळत बसायचे. ताटातली भाकरी अर्धी राहायची. आई म्हणायची, "खा की वो, तुमी काय चोरी केलीया का?" आणि तेवढ्यानंही त्यांचे डोळे भरायचे.

वैशाखात मला मुलगी झाली. ह्यांनी मोटारवाल्याच्या हाती आळीव पाठवले. आबांनी पुडी हातात तोलली. "राजुरात आळीव मिळत न्हाईत व्हय?" असं कडवट बोलले, पण लाडवांसाठी आईच्या हातात त्यांनीच दिली. मी आळीव ताटलीत पसरले. एकही खडा नव्हता. दुकानातून असे येत नाहीत. दिव्याशी बसून ह्यांनी स्वतः निवडले होते, आणि मी सुईण समोर असतानाही हमसून रडले.

बाराव्या दिवशी कान टोचायला सोनार आला. पोरीनं असा टाहो फोडला, की मी म्हटलं, "आई, हळूच तूच टोचले असतेस तर?"

"आपला हात थरथरतो बाई," आई म्हणाली. "म्हनून तर म्हंत्यात, कान सोनारानंच टोचावंत."

आबा उंबऱ्याशी उभे होते. ते ऐकून बाहेर गेले.

त्यानंतर नगरचा माणूस आला. हडकुळा, तोंडावर कायम आंबट भाव. शाळेत उतरला, स्वतःची वजनं घेऊन आला. आबांनी चहा विचारला तर म्हणाला, "काम झाल्यावर." गावातले पंच बसवून त्यानं पोती तोलली. मग मागच्या रांगेतली, सुतळीवर लाखेचा शिक्का जसाच्या तसा असलेली पोती काढायला लावली. तीही तितकीच हलकी. न उघडलेल्या पोत्यातलं भात कोण चोरणार? पौषात आलेलं ओलं भात उन्हाळ्यानं सुकलं होतं, एवढंच.

आबांचा जीव भांड्यात पडला म्हणावा, तोच नगरचा माणूस कोपऱ्यात शिरला. वळवाच्या पावसात छप्पर गळून तिथली दोन पोती कुजली होती. आबांनी लाजेनं कुणाला कळवलं नव्हतं.

चावडीत सगळ्यांसमोर पंचनामा वाचला गेला. चोरी नाही, भात सुकल्यानं तूट. पण दोन पोती कोठारवाल्याच्या हयगयीनं गेली, त्यांची भरपाई त्यानं करावी. आबा मान खाली घालून बसले. तेव्हा आमच्याविरुद्ध सगळ्यात जास्त बोललेला म्हातारा उठला.

"ह्यो नगरचा मानूस खडूस हाय, पन खरा हाय. सडकी दोन पोती सोडली न्हाईत त्यानं. चोरी असती तर सोडली असती व्हय?"

भरपाई आबांनी दुसऱ्याच दिवशी केली, आणि ती करताना त्यांची छाती फुगली होती, शपथ! आंबट माणसानं आमच्याकडे दोन वेळा चहा मागून घेतला. बाजाराच्या दिवशी ओटा भरला.

हे आले ते तिसऱ्या प्रहरच्या मोटारीनं. मी भांडणाची जय्यत तयारी करून बसले होते. पण आबा आधीच दारात गेले.

"जावईबापू, तुमी आला असता तर तुमाला बी ह्येच दिसलं असतं."

"हो, आबा."

"पन कुनी मानलं नसतं. जावयानं झाकलेला चोर म्हनूनच मेलो असतो मी."

एवढं बोलून त्यांनी आतून पोर आणली आणि ह्यांच्या हातांवर ठेवली. ह्यांना मूल धरता येत नव्हतं. कोपर कुठं ठेवायचं तेच समजेना. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "कुणासारखी दिसते?"

"त्ये परक्याला इचारा," आबा म्हणाले. "माजा काय भरवसा? मी आजा हाय तिचा."

हे हसले, आणि हसता हसताच दारात उभे राहून, पोर छातीशी धरून, सगळ्यांदेखत रडले.