बंद फाइलीतली भजनं

माझे बाबा भजन मंडळात खंजिरी वाजवत आणि स्वतः भजनं रचत. त्यांना लिहिता फारसं येत नव्हतं, म्हणून ते म्हणत आणि मी लिहून घेई. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे हे काम माझ्याकडेच आलं. शेजारच्या गावचे भजनी येत, एखादं भजन उतरवून नेत, दोन-चार शब्द आपल्या सोयीने बदलत. बाबांना त्याचं कौतुक वाटे.

"गाऊ दे न. मी का घरात कोंडून ठेवासाठी रचतो?"

पुस्तिका छापायचं ठरलं, तेव्हा सिंदीच्या एका दुकानात सगळी भजनं टाइप करून घेतली. दुकानदाराने सीडी दिली. बाबांनी ती देव्हाऱ्यात ठेवली आणि मी लिहिलेले कागद फडक्यात बांधून नदीत सोडायला निघाले. देवाचं नाव असलेला कागद आमच्याकडे रद्दीत देत नाहीत.

"राहू द्या न, बाबा."

"कोणाच्या पायाखाली आलं तं, बाई? आता कॉम्पुटरात पक्कं झालं न?"

मलाही ते पक्कंच वाटलं, मी कागद जाऊ दिले.

पुस्तिका निघायच्या आधीच बाबांना लकवा झाला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा उजवा हात आणि बोलणं गेलं होतं. समजत मात्र सगळं होतं. निदान त्यांची भजनं त्यांना वाचून दाखवू, म्हणून मी सीडी घेऊन दुकानात गेले.

"लॉक जळलं न बाई, वीज कडाडली त्या दिवशी," दुकानदार म्हणाला. लॉक म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा छोटा ठोकळा. भजनं ज्यात टाइप केली, ते मराठीचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालत नसे. "नवीन मागवाले गेलो तं कंपनीच बंद. कोणाले मागू आता?"

कॉलेजातल्या एका सिनिअर दादाने लॅबमधल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. ते फुकट असतं, एवढंच मला माहीत होतं. त्याने सीडीतली फाइल उघडली, तर पडद्यावर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. त्याने बरेच दिवस खटपट केली.

"लिनक्स फुकट आहे, ते सोड," तो शेवटी म्हणाला. "लिनक्स कसं लिहिलं ते कोणीबी पाहू शकते. या मराठीवाल्या कंपनीनं आपलं कुलपात ठेवलं. पाहू दिलं असतं तं कंपनी बुडो का राहो, आपण वाचून काढलं असतं."

"मग आता?"

"आता काय, यार."

बाबांची भजनं कोणीही नेऊ शकत होतं, बदलू शकत होतं. पण ती ज्यात ठेवली, ते उघडून पाहण्याची मुभा आम्हाला नव्हती. हे मला तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

शेजारच्या गावांत गेलेली भजनं थोडीच होती, आणि तीही शब्द बदललेली. म्हणून मंडळाच्या लोकांना घरी बोलावलं. एका काकांनी आठवेल तसं भजन धरलं. दुसऱ्याच ओळीला बाबांनी मान हलवली.

"असं नाई? मंग कसं, भाऊ?"

बाबांच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नाही. दुसऱ्याने वेगळी ओळ घातली. पुन्हा मान हलली. मग बाबा माझ्याकडे बघू लागले. लिहून घेणारी मीच होते, मला तरी येत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

मी पहिली ओळ म्हटली. पुढची मलाही येत नव्हती.