करडईचं कुंपण आणि येळवस

आमच्या मागच्या पट्टीत एका वाफ्यात एकच भाजी कधी उगवली नाही. मी उगवू दिली नाही. आज हे सांगताना आवाज मोठा निघतो. तेव्हा मी पुटपुटत होते.

मी चौथीतून शाळा सोडलेली. आई अंथरुणाला खिळली, धाकट्यांचं कोण बघणार, म्हणून पाटी माळ्यावर गेली ती गेलीच. लग्न होऊन लातूरकडून निघाले ती थेट चिंचवडला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दोन खोल्या, घरात नळ, आणि मागच्या दारापासून वसाहतीच्या भिंतीपर्यंत जमिनीची एक पट्टी. पहिल्या दिवशी मी नळाला हळदकुंकू लावलं. यांना हसू आलं. मला नाही आलं. मी घागरीनं पाणी वाहून मान आखडलेली पोर होते. त्या नळाचे, त्या छपराचे उपकार माझ्या अंगात इतके मुरले होते, की कुणी दार वाजवलं तरी वाटायचं, क्वार्टर खाली करा म्हणून सांगायला आले.

पट्टी दिसताच हात शिवशिवले. पावसाळा सरताना गावाकडच्यासारखी ज्वारी टाकली, भोवती करडई लावली आणि निवांत बसले. आमच्याकडं रब्बीला पाणी कोण घालतं? काळ्या रानात पावसाची ओल खाली धरलेली असते, वरून थंडी पडते, पीक येतं. इथं बोटभर कोंब वर आले आणि माना टाकून मेले. मी रडवेली होऊन बघत उभी, तर शेजारच्या वहिनी कुंपणाशी येऊन हसायला लागल्या.

"अगं, ही काय काळी आहे का? कंपनीचा भराव आहे हा. मुरूम आणि विटांचे तुकडे. मीपण आले तेव्हा अशीच फसले होते. आपल्याकडची बाई इथं आली की पहिल्या वर्षी हेच करते बघ."

वहिनी आमच्याच बाजूच्या. लग्नानंतर आधी दापोडीला रेल्वेकडेच्या गल्लीत राहिलेल्या, मग नवऱ्याला क्वार्टर मिळालं तशा इकडं आल्या. त्यांच्या घरात फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्यापुढं रोज ताजं फूल. त्यांनीच मला न्हाणीचं पाणी पट्टीत वळवायला शिकवलं, शेणखत कुठं मिळतं ते दाखवलं. माझं इथं पहिलं माणूस म्हणजे वहिनी.

पुढच्या साली मी सगळं एकत्रच लावलं. आमच्या घरी पेरणीला आई ओटीत बी मिसळून घ्यायची. ज्वारीत तूर, तुरीत मूग, कडेला अंबाडी. तेच मी इथं केलं. ज्वारीची धाटं उभी राहिली, त्यांच्यावर वाल चढवला. वालाच्या सावलीत मेथी आणि कोथिंबीर. वांग्यांच्या मधल्या जागेत लसूण आणि कांद्याची पात, टोमॅटोच्या बुडाशी झेंडू. तुरीची चार झाडं भिंतीलगत, हरभरा जिथं मोकळं दिसेल तिथं. कोथिंबीर मी मुद्दाम फुलू द्यायचे. फुलांवर ठिपक्यांचे लाल किडे यायचे आणि वालावरचा मावा खायचे. आणि या सगळ्याभोवती करडई. करडई मोठी झाली की पानापानाला काटा. रहाटणीकडून शेळ्या घेऊन एक म्हातारी यायची, ती एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लई डोक्याची हायेस गं बाय. माझी शेळी तुज्या भाजीला तोंडच लावंना!"

हे सगळं एकत्र का, याचं एक कारण वर सांगितलं. खरं कारण येळवस.

मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळी माणसं रानात. ज्वारीच्या धाटांची कोप, म्हणजे झोपडी, करायची, आत दगडांचे पांडव मांडून त्यांना चुना लावायचा, पूजा करायची आणि तिथंच जेवायचं. बाजरीचे उंडे, आंबट अंबील, गव्हाची खीर आणि भज्जी. ही भजी नव्हेत. रानात त्या वेळी जे जे हिरवं असतं, ते सगळं एका भांड्यात शिजवून बेसन लावून केलेली ती भाजी. वाल, तूर, हरभरा, मेथी, पात, वांगं. इकडं येळवस कुणाला ठाऊकच नाही. त्या दिवशीही भोंगा वाजतो आणि माणसं शिफ्टला जातात. पहिल्या साली अवसेला मी बाजारातून भाजी आणून भज्जी केली. लागली बरी, पण घशाखाली उतरेना. या साली माझ्या रानातली खाणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्याच थंडीत वसाहतीला नवे सुपरवायझर आले. वर्षातून एकदा बागांची पाहणी व्हायची. मोठ्या साहेबांच्या मिसेस फिरायच्या, बक्षीस द्यायच्या. म्हणून त्याआधी सगळ्या लाइनीत विटा तिरप्या रोवून त्यांना चुना लावणं चाललेलं. सुपरवायझर आमच्या पट्टीशी आले आणि थांबलेच.

"बाई, ही बाग आहे की जंगल?"

मी पदर सावरला. "भाजी आहे, साहेब."

"भाजी अशी असते? वाफे करा. एका वाफ्यात एक पीक. ही ज्वारी काढा, काटे काढा. पाहणीला हे असं दिसलं तर पट्टी काढून घेतली जाईल. सायकल स्टँडला जागा हवीच आहे."

पाहणी अवसेच्या चार दिवस आधी. म्हणजे उपटलं तर येळवस गेली, आणि नाही उपटलं तर पट्टी जाणार. पट्टीवर थांबतील की क्वार्टरपर्यंत येतील, हे कुणी सांगावं?

हे सेकंड शिफ्टला निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "उपटून टाक. साहेबांच्या तोंडी लागायचं नाही. भाजी बाजारात मिळते, क्वार्टर मिळत नाही."

"आणि येळवस?"

"येळवस गावाकडं. इथं कंपनी."

खोटं काय होतं त्यात? मी कोयता घेतला, पट्टीत उतरले. एक धाट बुडातून ओढलं. त्याच्याबरोबर वालाचा वेल आला, शेंगांसकट. वेलानं पलीकडची तूर धरली होती, ती कडाकडा वाकली. बुडाशी लसणाचे दोन गड्डे उघडे पडले. एक काढायला गेले आणि चौघं हातात आले. मी धाट परत उभं केलं, माती दाबली, पदराची चिंधी फाडून तुरीला बांधून टाकलं. कोयता घरात नेऊन ठेवला.

वहिनी बघत होत्या. "काय ठरलं?"

"भीती वाटतेय, वहिनी."

"ती तर तुला दुधवाल्याचीपण वाटते. काढणार का?"

"नाही."

"घाबरतेस पण आणि ऐकत पण नाहीस. कसली गं बाई तू!"

पाहणीच्या दिवशी दोन साहेबांच्या मिसेस, मोठे साहेब आणि सुपरवायझर असे सगळे आले. सुपरवायझर थेट माझ्याकडं वळले.

"सांगितलं होतं ना बाई, काढा म्हणून?"

"साहेब, एकेक काढता येत नाही. सगळं एकमेकांना धरून आहे."

"येत नाही म्हणजे काय? हे बघा." ते स्वतःच ज्वारीकडं पाऊल टाकायला गेले. करडईनं त्यांची नवी पँट दोन्हीकडून धरली. पाय मागं घेतला तर टर्रर्र आवाज. एक बाई तोंडावर रुमाल धरून वळली. मला मात्र हसू आलं नाही, वाटलं, संपलं. मी वाकून एकेक काटा सोडवला आणि उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अवसेला आमचा सण आहे. तोवर मी हे काढणार नाही. नंतर जागा घ्यायची तर घ्या." आवाज जेमतेम ऐकू जाईल एवढाच होता. पण शब्द परत घेतला नाही.

मोठ्या साहेबांनी सुपरवायझरांना बाजूला नेलं, काहीतरी बोलले आणि कशालाही हात न लावता सगळे पुढं गेले. आम्हाला बक्षीस मिळालं नाही हे सांगायला नकोच.

आदल्या दिवशी मी वहिनींना जेवायला बोलावलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "गावाकडं माझ्या आईला बांधावर बसवून वाढायचे. ओंजळीत, वरून. मी कोपीत बसणार असेन तर येते."

गावाकडं आमच्या बांधावरही तसंच वाढलं जायचं. लहानपणी मी ते बघितलेलं होतं आणि त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. "कोपीतच," मी म्हणाले. "माझ्या शेजारी."

अवसेला यांनी रजा टाकली. मी सांगितलं नव्हतं, सकाळी डबा भरायला गेले तर म्हणाले, "डबा कशाला? रानात जायचंय ना?" पाच धाटं कापून त्यांनी कोप केली, इवलीशी, बसलं की डोकं लागेल अशी. दगड मांडले. आमच्या विटांना चुना नव्हता, तो पांडवांना लागला. अंबिलीचा लोटा घेऊन हे पट्टीभोवती शिंपडत फिरले आणि करडईनं त्यांचंही धोतर ओढलं. वहिनी कोपीत बसल्या, पहिला घास घेतला, सावकाश चावला. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." मी मीठ आणायला उठले, तेवढ्यात त्यांनी डोळे पुसून घेतले. मी माझे घरात पुसले.

पट्टी गेली. पूर्ण नाही, निम्मी. उन्हाळ्यात भिंतीकडच्या भागावर पत्र्याचा सायकल स्टँड उभा राहिला, बारीक लोखंडी खांबांचा. उरलेल्या निम्म्यात पावसाळा सरताना मी पुन्हा ओटीत बी मिसळलं. जागा कमी, म्हणून ज्वारी थोडीच लावली. वाल खांबांवर सोडला. वालाला धाट काय आणि लोखंड काय. दिवाळीनंतर स्टँड हिरवागार झाला.

एक दिवस सुपरवायझर दाराशी आले. कडी वाजली तशी मला पुन्हा वाटलं, क्वार्टर गेलं.

"बाई, तुमचा वेल माझ्या सायकलच्या हँडलवर चढलाय."

"चढणारच, साहेब. उभं दिसलं की चढतो."

मी पसाभर शेंगा आणून त्यांच्या रुमालात ओतल्या. वेल मात्र मी सोडवला नाही. तो त्यांनाच सोडवायला लावला.