एका प्लॉटचे साठ नकाशे

गंगापूर रोडवर माझं आणि माझ्या भागीदाराचं ऑफिस आहे. दोघंही आर्किटेक्ट. काही वर्षांपूर्वी त्याने एक सॉफ्टवेअर आणलं आणि तेव्हापासून आमच्याकडे विचार करणं बंद झालं. प्लॉटची मापं, ऊन, वारा, खोल्या भरायच्या. चहा संपेपर्यंत साठ नकाशे तयार. मग आम्ही साडीच्या दुकानात बसल्यासारखे ‘हा नको, तो दाखव’ करायचो. याला तो डिझाइन म्हणायचा. लाज सोडून मीही म्हणायला लागले.

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर बायकोला घेऊन आले. घर बांधायचं होतं. आयुष्यभर ड्रॉइंग वाचलेला माणूस. भागीदाराने मोठ्या पडद्यावर सगळ्यात देखणा नकाशा फिरवून फिरवून दाखवला. काकांनी चष्मा लावला.

“ही भिंत तिरकी का?”

“डेटावरून आलीये काका. सगळ्यात एफिशियंट आहे.”

“हो, पण का?”

भागीदार हसला, अडाण्याला समजावताना हसतात तसा. “कॉम्प्युटरने हजारो शक्यता तपासल्यात.”

“कॉम्प्युटर आमच्याकडेही होते. पण भोक तिथंच का पाडायचं, हे सांगणारा माणूसही असायचा. हिचे गुडघे गेलेत. पलंगावरून उठून संडासला जायला हिने अख्खं घर ओलांडायचं?”

काकू खाली बघत होत्या. त्यांना आम्ही काही विचारलंच नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये गुडघ्यांचा रकाना नव्हता.

“दोन दिवस द्या,” मी म्हटलं. “मी हाताने काढते.”

कोऱ्या कागदावर एक रेघ मारली आणि चक्क थांबून राहिले, आता पुढचे पर्याय कोणीतरी दाखवेल म्हणून! भागीदाराची चीड होतीच. त्याहून जास्त किळस स्वतःची आली. वीस वर्षं घरं काढणारी बाई, आणि दार कुठे ठेवावं ते ठरेना.

शेवटी काकूंच्या भाड्याच्या घरी गेले. त्या कशा उठतात, कुठे हात टेकतात, ते पाहिलं. नकाशा तिथूनच सुरू केला: पलंग, टेकायला भिंत, तीन पावलांवर संडास. बाकीचं घर त्याच्याभोवती.

काकांनी तो बराच वेळ वाचला. “करा सुरू,” म्हणाले.

आता भिंती दार-खिडक्यांच्या वर, लिंटेलपर्यंत आल्यात. भागीदार साइटवर एकदाही फिरकलेला नाही. ऑफिसात बसून तो माझा नकाशा सॉफ्टवेअरला तपासायला देतो, आणि कमी मार्क पडले की मला आवर्जून कळवतो.