प्याल्याची पाळी

"पोरी, ऊठ तिथून. तुमच्या वस्तीचं मागून आहे."

आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंच, माझ्या कानाशी म्हणाले, पण ऐकलं सगळ्यांनी. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी मॅट्रिकला होते. दृढीकरणानंतरचं, म्हणजे मंडळीपुढे विश्वासाची कबुली दिल्यानंतरचं, माझं पहिलं प्रभुभोजन: प्रभूच्या आठवणीत पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. वेदीपुढच्या पहिल्या रांगेत मी गुडघे टेकले होते. शेजारी जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीतून बसने आलेल्या, एका साहेबांच्या पत्नी. त्यांनी पदर आवरून घेतला.

माय मागून आली. तिने मला दंडाला धरून उठवलं. आम्ही भिंतीशी उभ्या राहिलो. प्याला एकच. सगळ्यांचं झाल्यावर तो आमच्याकडे आला. तळाशी घोटभर रस, त्यात पावाचे कण.

तो रस मायनेच केला होता. शनिवारी मनुका भिजवायच्या, उकळायच्या, धुतलेल्या फडक्यातून गाळायच्या. प्यालाही तीच घासायची. मंडळीला तिचे हात चालत होते. ओठ आधी लागलेले चालत नव्हते.

आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नाव बदललं. वस्ती तीच राहिली, गावकुसाबाहेरची.

घरी मी रडले. माय म्हणाली, "काहून रडून राहिली बाई? प्रभूनं चेल्याईचे पाय धुतले. आपल्याले मागं उभं राहाले जड जाते काय? त्याच्यावर भरोसा ठेव."

मी ठेवला. बाबा गेले. तिने लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाची रोवणी करून मला शिक्षिका केलं. देवाला एकदाही बोल लावला नाही. तिचा विश्वास खरा होता.

त्या पहिल्या प्रभुभोजनानंतर दहा वर्षांनी पोटातल्या गाठीने ती अंथरुणाला खिळली. मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, प्रभुभोजन घेऊन घरी आले. खोलीत आम्ही तिघंच. त्यांनी प्याला तिच्या ओठांशी नेला. तिने मान फिरवली.

"बाकीच्याईचं होऊ द्या."

"माय, इथं कोणीच नाही वं."

ती दाराकडे पाहत राहिली. पाळक प्यायले, मी प्यायले, तेव्हा कुठे तिने घोट घेतला. चौथ्या दिवशी गेली.

तिला पुरल्यावर बरेच दिवस मी बायबल उघडलं नाही. मग पाय धुण्याचा तो अध्याय काढला. हळूहळू वाचला. वाकला तो गुरू होता. त्याला कोणी दंडाला धरून वाकवलं नव्हतं. मायला अर्धंच सांगितलं गेलं होतं. तिने मला तेवढंच दिलं.

पुढच्या प्रभुभोजनाला मी पहिल्या रांगेत गुडघे टेकले. मंडळीचे तेच वडील आले, आता काठी टेकत.

"मास्तरीणबाई, शिकल्या म्हणून पाळी विसरल्या काय?"

"विसरले नाही. म्हणूनच इथं आले."

शेजारच्या दोघी उठून गेल्या. पाळकांचा हात थांबला. मी उठले नाही. प्याला आला.

मायसाठी अजून रडते. देवावरचा भरोसा सोडलेला नाही. त्याच्यापुढे वाकते, रोज. पण येत्या महिन्यात वस्तीतल्या पाच मुलींचं दृढीकरण आहे. त्यांना मी मागे उभं राहायला शिकवणार नाही. त्यांच्या दंडाला कोणी हात घातला, तर तो हात मी धरीन.